दोघांचे ओझे

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके. एके काळी हा मुलूख आभाळाकडे डोळे लावून बसणारा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले, शिवारात ऊस उभा राहिला आणि हिवाळ्यात गावोगावी गुऱ्हाळे सुरू होऊ लागली. गुऱ्हाळावर पाहण्यासारखे पुष्कळ असते. पण साऱ्यांचा श्वास रोखला जातो तो काहील उतरवताना. रस आटून गूळ होण्याच्या बेतात आलेला असतो. चुलवाणावरच्या त्या अवजड काहिलीभोवती गडी उभे राहतात. गुळव्याचा इशारा होतो आणि सारे एकदम जोर करतात. एकाने घाई केली किंवा एक मागे राहिला, तर उकळता पाक अंगावर यायचा! त्या क्षणी कोणी बोलत नाही, कोणी हसत नाही.

त्याच गावात दुसरा एक प्रसंग घडतो. कोणाच्या तरी घरी सागवानी कपाट माडीवर चढवायचे असते. जिना अरुंद, वळण अवघड आणि उचलणारे दोघे. वरचा म्हणतो, “डावीकडे घे.” खालचा विचारतो, “कोणाच्या डावीकडे? तुझ्या की माझ्या?” एक म्हणतो “उचल”, तेव्हा दुसरा नेमके टेकवतो. कपाट मध्येच अडकते. खालच्याचा पाय चेंगरतो, वरच्याची टोपी पडते, आणि अंगणात जमलेली मंडळी पोट धरून हसू लागतात. थोड्या वेळाने ते दोघेही हसू लागतात.

ओझे इथेही आहे आणि तिथेही. मग एके ठिकाणी भीती आणि दुसऱ्या ठिकाणी हसू, असे का व्हावे? या साध्या प्रश्नाचा दोन माणसांनी आयुष्यभर पिच्छा पुरवला. ती माणसे इथली नव्हेत. हजारो मैल दूर, अमेरिकेतील हॉलिवूड या चित्रपटांच्या नगरीत ती काम करीत होती. एक जाडजूड, दुसरा किडकिडीत. जाड्याचे नाव ऑलिव्हर हार्डी आणि किडकिडीताचे नाव स्टॅन लॉरेल. त्यांचे चित्रपट महाराष्ट्रात आले तेव्हा मराठी प्रेक्षकांनी त्यांचे नव्याने बारसे केले आणि त्यांना ‘जाड्या-रड्या’ म्हणायला सुरुवात केली. जाड्या कोण हे सांगायला नकोच. जरा काही बिघडले की ओठ मुडपून, डोके खाजवीत, लहान मुलासारखा रडू लागणारा तो रड्या. पाहुण्याला टोपणनाव मिळाले म्हणजे तो घरचा झाला असे समजावे.

खरे पाहता अशी जोडी मराठी माणसाला मुळीच परकी नव्हती. तमाशाच्या फडात गण-गौळण आटोपली की बतावणी रंगते. तिच्यात एक शहाणपणाचा आव आणणारा असतो आणि दुसरा असतो सोंगाड्या. पहिला सरळ प्रश्न विचारतो, दुसरा त्याला वाकडे उत्तर देतो. पहिला चिडतो, दुसरा भोळा चेहरा करून प्रेक्षकांकडे पाहतो. एकट्या शहाण्याचे कोणाला हसू येत नाही आणि एकट्या वेड्याची कीव येते. पण दोघांची गाठ पडली की हास्याचा फवारा उडतो. बारामती-इंदापूरकडच्या जत्रांतून बतावणी ऐकलेल्या माणसाला जाड्या-रड्यांची कला समजावून सांगावी लागली नसती.

या दोघांचे बालपण मात्र एकमेकांपासून फार दूर गेले. लॉरेलचा जन्म १८९० साली इंग्लंडमधील अल्व्हरस्टन या लहानशा गावी झाला. त्याचे मूळ नाव आर्थर स्टॅन्ली जेफर्सन. वडील नाटकगृहे चालवीत, त्यामुळे पडदा, दिवे आणि टाळ्या यांच्या सान्निध्यातच तो वाढला. सोळाव्या वर्षी तो रंगभूमीवर उभा राहिला. पुढे १९१० साली एका विनोदी नाटक मंडळीबरोबर तो अमेरिकेस गेला. त्या मंडळीचा प्रमुख नट होता चार्ली चॅप्लिन, आणि चॅप्लिन आजारी पडला तर त्याची भूमिका करण्यासाठी तयार ठेवलेला नट होता लॉरेल! दुसऱ्याची जागा राखत उभे राहण्याचे हे काम मोठे कसोटीचे असते. सगळी भूमिका पाठ करायची आणि ती करण्याची पाळी येईलच असे नाही.

हार्डीचा जन्म १८९२ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील हार्लेम या गावचा. त्याच वर्षी त्याचे वडील वारले. मूळचे नॉर्वेल हे त्याचे नाव. पुढे वडिलांची आठवण म्हणून त्याने त्यांचे ‘ऑलिव्हर’ हे नाव आपल्या नावाला जोडून घेतले. त्याला गाण्याचा नाद होता आणि आवाजही गोड होता. १९१० साली मिलेजव्हिल या गावी चित्रपटगृह निघाले, तेव्हा अठरा वर्षांचा हार्डी तिथे कामाला लागला. यंत्र चालवायचे, तिकिटे घ्यायची, झाडलोट करायची, सारे त्याच्याकडे. आपल्याकडेही पुढे जत्रांतून तंबूतला सिनेमा आला, तेव्हा गावची मुले अशीच यंत्राभोवती घुटमळत आणि मिळेल ते काम हौसेने करीत. रोज रात्री पडद्यावरील नटांची कामे पाहता पाहता हार्डीच्या मनात आले, की हे तर मलाही जमेल. तो चित्रपटांत शिरला आणि वर्षानुवर्षे लहानसहान भूमिका करीत राहिला.

याच सुमारास महाराष्ट्रातही एका माणसाने पडद्याकडे पाहून असाच निश्चय केला होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून दादासाहेब फाळके यांना ध्यास लागला आणि १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पाहणारे लाखो असतात. पाहता पाहता ‘हे मी करीन’ असे म्हणणारा एखादाच असतो.

१९२६ च्या सुमारास लॉरेल आणि हार्डी हे दोघेही हॅल रोच या निर्मात्याच्या कलागृहात नोकरीस होते. प्रारंभी एका चित्रपटात दोघे दिसत, पण जोडी म्हणून नव्हे. लिओ मॅककेरी नावाच्या जाणत्या दिग्दर्शकाच्या नजरेने हेरले, की ही दोन माणसे शेजारी उभी राहिली की काही न करताही प्रेक्षक हसू लागतात. १९२७ पासून त्यांची जोडी जमली. दोघांच्याही डोक्यावर काळ्या गोल टोप्या, अंगात कोट, गळ्यात टाय. पोशाख सभ्य गृहस्थाचा आणि खिसा रिकामा. जाड्याला वाटते, की आपण फार हुशार आहोत. रड्याला काहीच वाटत नाही. पण होते असे, की हुशार समजणारा आधी पाण्यात पडतो आणि भोळा काठावर उभा राहून त्याची टोपी उचलतो.

त्या काळी विनोदी चित्रपट म्हणजे धावपळ. कोणी पळतो आहे, कोणी पाठलाग करतो आहे, सारे वाऱ्याच्या वेगाने. या जोडीने वेग कमी केला. जाड्याच्या डोक्यावर वीट पडली, तर तो लगेच उठून पळत नाही. तो तसाच बसून राहतो आणि मान वळवून प्रेक्षकांकडे पाहतो. ‘पाहिलेत ना, माझ्या नशिबी काय आले आहे ते?’ असे ती नजर विचारते. बतावणीतला सोंगाड्याही असाच प्रेक्षकांना आपल्या बाजूस ओढून घेतो. लॉरेलने तर आपल्या बुटांच्या टाचा काढून टाकल्या होत्या. त्यामुळे त्याची चाल सपाट आणि फेंगडी दिसे. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस किती विचार करतो, यावरून त्याची कामावरील निष्ठा कळते.

या जोडीच्या शंभराहून अधिक चित्रपटांत १९३२ साली आलेला ‘द म्यूझिक बॉक्स’ हा अग्रगण्य मानला जातो. म्यूझिक बॉक्स म्हणजे संगीताची पेटी. आपल्याकडे पेटी म्हटले की भजनातील बाजाची पेटी डोळ्यांसमोर येते. तिला काखोटीस मारून माणूस गावभर हिंडू शकतो. या चित्रपटातील पेटी मात्र पियानोची आहे. पियानो हे कपाटाएवढे वाद्य, त्याच्या पोटात लोखंडी चौकट आणि तारा. ते लाकडी खोक्यात बंद करून एका गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवायचे, एवढीच या चित्रपटाची कथा. खलनायक नाही, राजकन्या नाही, लढाई नाही. जेमतेम अर्ध्या तासाचा हा चित्रपट जेम्स पॅरट यांनी दिग्दर्शित केला.

कथा अशी आहे. एका बाईने नवऱ्याच्या वाढदिवसासाठी पियानो विकत घेतला आहे. जाड्या आणि रड्या तो घोडागाडीवर लादून निघतात आणि रस्त्यात भेटलेल्या पोस्टमनला पत्ता विचारतात. तो वर बोट दाखवतो. समोर एक उभी टेकडी, टेकडीवर चढत गेलेला लांबलचक जिना आणि त्याच्या अगदी टोकाला ते घर! बारामतीकडील माणसाला हा देखावा पाहून जेजुरीची आठवण व्हावी. खंडोबाच्या त्या गडाला भाविक ‘नवलाख पायऱ्यांचा’ म्हणतात. रिकाम्या हातांनी चढतानाही तिथे धाप लागते. मग पियानो घेऊन चढणाऱ्यांची काय कथा!

हा जिना चित्रपटासाठी मुद्दाम बांधलेला नव्हता. लॉस एंजेलिस शहराच्या सिल्व्हर लेक भागातील तो खराखुरा जिना आहे आणि त्याला १३३ पायऱ्या आहेत. आजही तो तिथे आहे, आणि या चित्रपटाची खूण म्हणून तिथे एक पाटी बसवलेली आहे. विशेष म्हणजे याच जिन्यावर या जोडीने १९२७ साली ‘हॅट्स ऑफ’ नावाचा एक मूकपट केला होता. त्यात पियानोऐवजी कपडे धुण्याचे यंत्र होते. त्या मूकपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. एकदा केलेली कल्पना त्यांनी पाच वर्षांनी पुन्हा हाती घेतली, घासून-पुसून अधिक चांगली केली, आणि ती टिकली. सुताराने जुन्या लाकडाची नवी चौकट करावी तसे हे झाले.

आता दोघे खोके उचलून चढू लागतात. काही पायऱ्या चढतात न चढतात, तोच वरून एक दाई बाळाची ढकलगाडी घेऊन उतरते. तिला वाट द्यावी म्हणून हे सभ्य गृहस्थ बाजूला होतात आणि खोके धडधडत खाली जाते. दाईला हसू आवरत नाही, भांडण होते, ती पोलिसाला गाठते. पोलिसाचे समाधान करण्यात वेळ जातो आणि खोके आणखी एकदा पायथ्याशी पोहोचते. पुन्हा चढण. या वेळी वरून एक प्राध्यापक महाशय येतात. डोक्यावर उंच टोपी, तोंडात आपल्या पदव्यांची लांबलचक यादी. ‘बाजूला व्हा, मला जायचे आहे’, असा त्यांचा हुकूम. ‘खोक्याला वळसा घालून जा की!’ असे त्यांना सुचवले जाते, पण एवढा मोठा विद्वान वळसा कसा घालणार? शेवटी त्यांची टोपी उडते, पायऱ्यांवरून घरंगळत रस्त्यावर जाते आणि एका मोटारीखाली चिरडली जाते.

किती तरी वेळा खोके खाली येते, एकदा तर जाड्याला ओढत घेऊन येते. तरीही ते दोघे चढतात. अखेर घामाघूम होऊन माथ्यावर पोहोचतात. तिथे तोच पोस्टमन उभा. तो सांगतो, की अहो, इतके कष्ट कशासाठी घेतलेत? टेकडीला वळसा घालून गाडीरस्ता थेट दारापर्यंत येतो!

इथे सामान्य लेखकाने काय केले असते? दोघांनी कपाळावर हात मारला असता आणि प्रसंग संपला असता. जाड्या-रड्या मात्र एकमेकांकडे पाहतात, खोके पुन्हा उचलतात, सगळ्या पायऱ्या उतरून खाली नेतात, गाडीवर चढवतात आणि मग रीतसर गाडीरस्त्याने वर आणतात! प्रेक्षक हसून बेजार होतो. पण हसता हसता मनात कुठे तरी लागतेही. योग्य वाट कळल्यावर आधीचे सारे श्रम रद्द समजून पहिल्यापासून सुरुवात करावी, असे भाबडे प्रामाणिकपण त्यांच्यात आहे. गणिताचे उत्तर बरोबर आल्यावरही ‘रीत चुकली’ म्हणून पाटी पुसणाऱ्या विद्यार्थ्यासारखे ते आहेत. त्यांना आपण हसतो, पण त्यांचा तिरस्कार करीत नाही.

घरी कोणी नसते. खिडकीतून पियानो आत घेण्याच्या खटपटीत दाराशी असलेल्या हौदात तो पडतो, आणि हेही पडतात. कसाबसा आत आणून खोके उघडतात, तर खोलीभर पाणी. पियानो आपोआप वाजणारा असतो. तो सुरू होताच दोघे त्या पसाऱ्यात नाचू लागतात. दिवसभराच्या हालअपेष्टा विसरून दोन थकलेली माणसे नाचत आहेत, हा या चित्रपटातील सर्वांत गोड क्षण होय. तेवढ्यात घरमालक येतो, आणि तो असतो मघाचाच प्राध्यापक! त्याला पियानोचा मनस्वी तिटकारा. तो कुऱ्हाड घेऊन वाद्याचे तुकडे करतो. मग बायको येऊन सांगते, की ही तर तुमच्या वाढदिवसाची भेट! महाशय ओशाळतात. पावतीवर सही करण्यासाठी ते लेखणी घेतात, तर लेखणीतील शाई त्यांच्याच तोंडावर उडते आणि ते पुन्हा या दोघांच्या मागे लागतात.

बोलपट तेव्हा नुकतेच आले होते. मूकपटांत गाजलेले पुष्कळ नट आवाज आल्यावर मागे पडले. काहींनी तर पडद्यावर बोलण्याचा सपाटाच लावला. या दोघांनी मात्र आवाजाचा उपयोग मोजून-मापून केला. खोके पायरीवर आदळले की आतल्या पियानोच्या तारा झणझणतात. तो बिचारा पियानो जणू ‘अगं आई गं!’ म्हणून कण्हतो. कित्येकदा पडण्याचे दृश्य दाखवण्याऐवजी फक्त आवाज ऐकवला जाई आणि उरलेले चित्र प्रेक्षक स्वतःच्या मनात काढी. न दाखवलेल्या गोष्टीचे हसू अधिक येते, हे त्यांनी ओळखले होते.

पडद्यावर लॉरेल मूर्खांचा शिरोमणी. प्रत्यक्षात मात्र विनोद रचणे, प्रसंग फुलवणे आणि चित्रित झालेल्या फिती कापून जोडणे यांत त्याचाच हात मोठा असे. कथेत प्रसंग ज्या क्रमाने येतात, शक्यतो त्याच क्रमाने चित्रण व्हावे, असा त्याचा आग्रह असे. कारण एका विनोदातून दुसरा सुचतो. चित्रपट पुरा झाला की तो आधी थोड्या प्रेक्षकांना दाखवून पाहत. लोक कुठे हसतात, किती वेळ हसतात, कुठे गप्प बसतात, याकडे बारीक लक्ष असे. हसण्यामुळे पुढचे वाक्य बुडत असेल, तर तिथे थोडी जागा सोडली जाई. हसू पिकत नसेल, तर तेवढा भाग काढून टाकला जाई. शेतकरी जसा पिकाच्या मानाने पाण्याची पाळी ठरवतो, तशी ही मोजदाद होती. अर्ध्या तासाच्या हास्यामागे किती दिवसांचे गंभीर श्रम असतात, ते यावरून दिसून येईल.

दिवसाचे चित्रण आटोपले की हार्डी आपल्या आवडीचा गोल्फ खेळायला जाई आणि लॉरेल काम करीत थांबे. त्यामुळे लॉरेलला हार्डीपेक्षा अधिक मोबदला मिळत असे. हार्डीला याचे वैषम्य वाटले नाही. तो अधिक काम करतो, त्याला अधिक मिळावे, हे त्याला न्याय्यच वाटे. पडद्यावर सदैव मोठेपणा मिरवणारा जाड्या प्रत्यक्षात मोठ्या मनाचा होता, आणि पडद्यावर काहीच न कळणारा रड्या प्रत्यक्षात सर्व कळणारा होता. एकाने दुसऱ्याचे श्रम ओळखले, म्हणून जोडी टिकली. बैलजोडीतही दोन्ही बैल एका रंगाचे असावेत असा नियम नाही; एका जुवाखाली चालता आले म्हणजे झाले.

परभाषेतील प्रेक्षकांसाठीही त्यांनी कष्ट घेतले. एका भाषेतील चित्रपटावर दुसऱ्या भाषेचे आवाज चढवण्याची सोय रुळण्यापूर्वी, १९३० च्या सुमारास, त्यांनी आपले काही चित्रपट स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन अशा भाषांत पुन्हा केले. त्या भाषा त्यांना येत नव्हत्या. उच्चार फळ्यावर लिहून ते कॅमेऱ्याबाहेर ठेवले जात आणि ते पाहून दोघे बोलत. त्यांचे अडखळते उच्चार ऐकून त्या देशांतील लोकांना आणखीच हसू येई.

‘द म्यूझिक बॉक्स’ला १९३२ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. विनोदी लघुपटासाठी दिले गेलेले ते पहिलेच ऑस्कर. पुढे १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करून ठेवण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, त्याचा समावेश झाला.

मराठीलाही अशी जोडी लाभली. चिं. वि. जोशी यांनी आपल्या कथांतून चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही पात्रे निर्माण केली. चिमणराव किरकोळ अंगाचा, भिडस्त कारकून. गुंड्याभाऊ तालमीत कमावलेल्या शरीराचा. १९४० साली मास्टर विनायक यांनी ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात ही जोडी पडद्यावर आणली. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी त्याच भूमिका घराघरांत पोहोचवल्या. हे दोघे जाड्या-रड्यांची नक्कल नव्हेत. त्यांची भाषा, त्यांचा वाडा, त्यांच्या अडचणी अगदी आपल्या. परंतु मर्म तेच: एकटा फजीत होतो तेव्हा वाईट वाटते, दोघे मिळून फजीत होतात तेव्हा हसू येते.

जाड्या-रड्यांना पुढे वाईट दिवसही आले. १९४० साली रोचचे कलागृह सोडून ते मोठ्या कंपन्यांकडे गेले. तिथे लॉरेलला आपल्या मनासारखे काम करू दिले जाईना आणि चित्रपटांची कळा उतरली. मग ते रंगभूमीवर प्रयोग करीत हिंडू लागले. १९५३ साली त्यांची बोट आयर्लंडमधील कोव्ह बंदरात लागली. आता आपल्याला कोण ओळखणार, असे त्यांना वाटत असावे. किनाऱ्यावर पाहतात तो माणसांची दाटी, आणि गावच्या मोठ्या चर्चच्या घंटांतून सूर येत होते ते त्यांच्याच चित्रपटांच्या आरंभी वाजणाऱ्या धूनचे! सारे आयुष्य लोकांना हसवण्यात घालवलेल्या त्या दोघांचे डोळे त्या दिवशी भरून आले.

१९५६ साली हार्डीला पक्षाघात झाला. त्याची वाचा गेली. १९५७ च्या ऑगस्टमध्ये तो वारला. लॉरेल स्वतः इतका आजारी होता, की त्याला मित्राच्या अंत्ययात्रेस जाता आले नाही. त्यानंतर तो आठ वर्षे जगला. पण पुन्हा कधी त्याने भूमिका केली नाही. बोलावणी आली, त्याने नाकारली. १९६१ साली त्याला सन्मानाचे ऑस्कर मिळाले, तेही प्रकृतीमुळे दुसऱ्याने स्वीकारले. समुद्रकाठच्या सांता मोनिका गावी लहानशा घरात तो राहत असे. दूरध्वनीच्या यादीत त्याचे नाव सर्वांसारखे छापलेले असे. कोणीही त्याला फोन करावा, पत्र लिहावे, भेटायला यावे. आलेल्या पत्रांना तो स्वतः उत्तरे लिही. १९६५ साली त्याचे निधन झाले.

लॉरेल थकला होता, हे खरे. पण त्याने पुन्हा काम केले नाही याचे कारण केवळ थकवा नसावे. खोक्याचे दुसरे टोक धरणारा हात गेला होता. एकट्याने उचलले असते तर ते नुसते ओझे झाले असते, त्यात हसू उरले नसते.

गुऱ्हाळावर काहील उतरवून झाली, पाक वाफ्यात ओतला गेला, की मघाशी श्वास रोखून उभे असलेले गडी हळूच एकमेकांकडे पाहतात. कोणाचा तोल जाता जाता वाचलेला असतो, कोणाचे मुंडासे सुटलेले असते. कोणी तरी त्याची नक्कल करतो आणि सारे गुऱ्हाळ हसू लागते. ते हसू कोणाला कमी लेखणारे नसते. ज्याने आपल्याबरोबर भार उचलला, त्यालाच तसे हसण्याचा अधिकार असतो. १३३ पायऱ्यांवर पियानो चढवणाऱ्या त्या दोन भाबड्या माणसांनी जगाला हाच अधिकार दिला. पुढे कधी जिन्याच्या वळणावर कपाट अडकले आणि “कोणाच्या डावीकडे?” असा प्रश्न आला, तर अंगणातल्या मंडळींनी खुशाल हसावे, आणि हसता हसता पुढे होऊन एक हात लावावा.